अंदाजे पंचावन्न

मुलगी आज दुसऱ्या खुर्चीवर बसली. एवढंच झालं. जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या, त्यांतली खिडकीकडची तिची, अगदी पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासूनची. आणि आज तिने त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला, टेबलाला वळसा घातला आणि दाराजवळच्या खुर्चीवर, तीही अर्धीच, टेकली. दार सताड उघडं होतं. दुपारचे तीन वाजले होते, जिन्यातून कोणी येणार नव्हतं, दार उघडं ठेवायला तसं काहीच कारण नव्हतं. दुसरा कुठला बाप असता तर त्याच्या हे ध्यानातही आलं नसतं. पण ज्याने तीस वर्षं पोलिसात काढली आणि त्यातली बावीस खुनाच्या तपासात, त्याला घाबरलेला माणूस कुठे बसतो हे कोणी सांगायला नको. घाबरलेला माणूस दाराजवळ बसतो, पावलं बाहेरच्या दिशेला ठेवतो आणि हातातली वस्तू खाली ठेवत नाही. मुलीच्या हातात घराची किल्ली होती. त्याने एकदा तिच्या पावलांकडे पाहिलं, एकदा किल्लीकडे, आणि एका घोटानंतर कप खाली ठेवला. "साखर कमी झाली का?" तिने विचारलं. "नाही, बरा झालाय," तो म्हणाला. आपली पोरगी आपल्याला भिते, हे त्याला असं, परक्या घरात पुरावा सापडावा तसं सापडलं, आणि आता ते कुठे ठेवावं ते कळेना.

पाच दिवस झाले होते बायकोला जाऊन. जाऊन म्हणायचं ते आपलं म्हणायची पद्धत म्हणून. कोणीतरी भर दुपारी तिच्याच स्वयंपाकघरात तिच्या डोक्यात वरवंटा घातला होता. पहिल्यांदा ते पाहिलं ते तिच्या नवऱ्याने, म्हणजे याने, आणि खात्याचा संशय होता तोही याच्यावरच. निलंबनाचा कागद हातात पडला तेव्हा खात्यातल्या सगळ्यांनाच वाईट वाटलं असं म्हणवत नाही. कुंपणच शेत खातं हे बायकोची थोरली बहीण फोनवर मोठ्याने बोलली, बाकीचे मनात बोलले. त्याला कोणाचा राग आला नाही. खून झाला की आधी नवऱ्याकडे बघावं, हे त्यानेच एका पिढीला शिकवलं होतं. नवरा, मग दीर-जाऊ, मग शेजारी, आणि चोर सगळ्यात शेवटी, कारण चोर घाबरट असतो आणि नवरा नसतो, असं तो हसत सांगे आणि नवी भरती वहीत उतरवून घेई.

खात्यात त्याला बगळा म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ठाऊक होतं. गुन्ह्याच्या जागी गेलं की तो उंबरठ्यावर थांबे, दोन्ही हात खिशात घाली, एका पायावर भार टाकी आणि दहा-दहा मिनिटं जागचा हलत नसे. डावीकडून सुरुवात, भिंतीभिंतीने उजवीकडे, आणि शेवटी मधली जमीन. आधी डोळे, मग डोकं, हात सगळ्यांच्या शेवटी. माणसाचा हात लागला की वस्तू खोटं बोलायला लागते, हे त्याचं वाक्य दोन-तीन ठाण्यांत तरी म्हणीसारखं वापरलं जाई. एकदा एका हवालदाराने एका मेलेल्या म्हातारीच्या उघड्या पायांवर दयेपोटी चादर ओढली, तर याने त्याला सगळ्यांदेखत असं झापलं की बिचारा पुन्हा कधी कुठल्या मेलेल्याची दया करायला धजला नाही. या सगळ्याचा त्याला अभिमान होता. अभिमान नसावा असं त्यात काही आहे हे त्याला कधी कोणी म्हटलं नव्हतं, बायको सोडून. "तुम्ही घरी येता की पंचनामा करायला येता?" ती विचारी, कारण घराच्या दारातही तो तसाच, हात खिशात घालून, क्षणभर थांबे, आणि तिथूनच सांगे की आज कप फुटला, आज तुझ्या बहिणीचं पत्र आलं, आज कोणीतरी रडलंय. लहानपणी मुलीचा तो आवडता खेळ होता. ती खोलीतली एक वस्तू हलवून ठेवी आणि बाबांनी दारातून ओळखायची. पुढे पुढे ती त्याच्यावर डाव उलटवू लागली. ती दारात, हात फ्रॉकच्या खिशात, आणि हलवणारा तो. चांगला डोळा होता पोरीचा. शेरास सव्वाशेर, तो म्हणे, आणि बायको ओट्याशी पाठ करून उभी असे. एकदा मात्र बायकोने स्वतःच विचारलं होतं, "आज काय बदललंय सांगा." त्याने दारातून पाहिलं. पडदा धुतलाय. घड्याळ दोन मिनिटं पुढे केलंय. कोपऱ्यातलं टेबल सरकवलंय. ती प्रत्येक उत्तराला मान हलवत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मला ताप आहे. दोन दिवस झाले." तो हसला होता. हे कसं बघून कळणार, असं काहीतरी बोलला होता. ते आता आठवलं आणि त्याने कप दूर सारला, कारण ताप बघून कळत नाही, हे तिला त्याला सांगायचंच होतं की काय, हे विचारायला ती राहिली नव्हती.

त्या दिवशी तो वाचायचा चष्मा विसरला म्हणून घरी आला. एरवी कामावरून दुपारी घरी येण्याची त्याची रीत नव्हती, आणि हेही पुढे त्याच्याविरुद्ध गेलं. एकला दहा मिनिटं कमी होती. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर तो पोचला आणि त्याला ती दिसली, कुशीवर, तोंड ओट्याच्या बाजूला, केस एका बाजूने ओले. त्याच्या आत काहीतरी मोडलं. ते मोडलं हे त्याला स्पष्ट कळलं, आवाज झाल्यासारखं. आणि त्याच क्षणी त्या मोडलेल्या जागेवर फौजदार येऊन उभा राहिला, नवऱ्याला मागे सारून, गर्दी हटवावी तसा. त्याचे हात खिशात गेले. डावीकडून: खिडकी बंद. नळ थेंब थेंब. विळीवर अर्धा चिरलेला दुधी. पाटा आहे, वरवंटा जागेवर नाही, दाराआड. तिचं डावं मनगट उघडं, घड्याळ नाही. उजवा हात भिंतीपासून तिसऱ्या फरशीवर, मूठ अर्धी मिटलेली. छाती हलत नाही. मृत. बावीस वर्षांत त्याची दारातली नजर चुकली नव्हती, आणि त्या दिवशी ती चुकू शकते असं त्याच्या मनातही आलं नाही. मनात काय आलं होतं, तर घरातल्या फोनला हात लावायचा नाही, त्यावर ठसे असतील. म्हणून तो जिना उतरून खालच्या शिंप्याकडे गेला. शिंप्याने पुढे जबाबात सांगितलं, आणि खरं तेच सांगितलं, की साहेब आले, एक फोन करू का म्हणाले, आधी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग फोन केला. मी विचारलं घरी बरं आहे ना सगळं, तर 'हो' म्हणाले. फोन करून तो परत वर आला आणि आत गेला नाही. जिन्याच्या चौकात, दाराला पाठ लावून, त्याने गुन्ह्याची जागा राखली. चाळीस मिनिटं. मांजरसुद्धा आत जाऊ दिलं नाही. जीप आली, आणि सगळ्यात आधी धापा टाकत जिना चढून आला तो बगळ्याचं पिल्लू.

पिल्लू म्हणजे त्याच्या हाताखाली तयार झालेला धाकटा फौजदार. खात्यानेच ठेवलेलं नाव. सहा वर्षं तो याच्या मागून उंबरठ्यांवर उभा राहिला, आणि त्या सहा वर्षांत या घरी इतक्यांदा जेवला की त्याचं ताट वेगळं होतं. चौकशी त्याच्याकडेच आली. गुरूची विद्या गुरूला, असं म्हणायला सोपं आहे. पिल्लाचे डोळे पहिल्या दिवशी सुजलेले होते आणि तरी त्याने एकही प्रश्न सोडला नाही. "बसा साहेब," म्हणून त्याने जी खुर्ची दिली, तिचा एक पाय आखूड होता. संशयिताला स्वस्थ बसता येऊ नये म्हणून ती खुर्ची यानेच वर्षांपूर्वी निवडून ठेवली होती. मग पिल्लाने ठाण्याची नोंदवही उघडली आणि वाचलं: "एक स्त्री. वय अंदाजे पंचावन्न. डोक्याला मार. मृत. पंच आणि फोटोग्राफर घेऊन या." वही मिटली. "साहेब, हे तुमचे शब्द. हवालदाराने आवाज ओळखला, पण पत्ता ऐकून त्याला वाटलं तुम्ही दुसऱ्याच कोणाबद्दल बोलताय." पिल्लाने वहीवर हात ठेवला. "बायको असं म्हणाला नाहीत तुम्ही." "नोंदीत तसा रकाना नसतो," तो म्हणाला. ते खरं होतं, पण खोलीत ते इतकं वाईट वाजलं की त्याने स्वतःच मान खाली घातली. "अंदाजे, साहेब? वहिनींचं वय तुम्ही अंदाजे सांगितलंत?" पिल्लाचा आवाज फाटला. "आणि खाली येण्याआधी दहा मिनिटं तुम्ही वर होतात. शिंप्याने तुम्हाला चढताना पाहिलं, उतरताना पाहिलं. काय करत होतात?" "बघत होतो." "कोणाला?" काय बघत होतो हे तो सांगू शकला असता, एकूण एक, कोणाला, ते मात्र नाही.

मग फोटो. संशयितापुढे फोटो केव्हा टाकायचा हेही त्यानेच शिकवलेलं. तो गप्प झाला की. पिल्लाने तो टेबलावर सरकवला, मागे वेळ लिहिलेली होती, एक वाजून पंचावन्न मिनिटं. त्याने सवयीने डावीकडून सुरुवात केली. खिडकी, नळ, विळी, दुधी, दाराआडचा वरवंटा. मधली जमीन. ती. आणि तिथे तो अडला. उजवा हात चौथ्या फरशीवर होता. त्याने पुन्हा मोजलं, भिंतीपासून, बोट फोटोवर ठेवून, एक, दोन, तीन, चार. मूठ उघडी होती आणि हात चौथी फरशी ओलांडून पुढे गेला होता, उंबरठ्याच्या दिशेने. आत कोणी गेलं नव्हतं. त्याने जाऊ दिलं नव्हतं. फोटोग्राफरने कशाला हात लावला नव्हता, त्यालाही याचा धाक होता. मेलेल्या माणसाचा हात दीड फरशी पुढे येत नाही. "हा फोटो एक पंचावन्नचाच?" त्याने विचारलं, आणि उत्तर येण्याआधीच तो आखूड पायाच्या खुर्चीवरून कलंडला. पिल्लाने त्याला सावरलं, पाणी दिलं, आणि मग कर्तव्य म्हणून लिहिलं की फोटो पाहताच संशयिताचा तोल गेला. यानेही तेच लिहिलं असतं. त्यानंतर, फोनआधीची दहा मिनिटं असोत की नंतरची चाळीस, त्याने एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. मी मारलं नाही, एवढं एकदा म्हणाला. त्या वेळात काय करत होतो ते मात्र नाही. ते सांगितलं असतं तर सुटण्याची थोडी तरी आशा होती, पण खुनी नाही हे सिद्ध करायला जे सांगावं लागणार होतं त्यापेक्षा खुनी असणं त्याला परवडणारं वाटू लागलं होतं.

खुर्ची बदलल्याच्या तिसऱ्या दिवशी मुलीने बॅग भरली. ती दुसऱ्या गावी शाळेत शिकवायची, पण निघाली होती मावशीकडे. जाताना दारात थांबली. बायकोचेच डोळे, पण बघण्याची रीत त्याची. "बाबा, एकच विचारते. त्या वेळात तुम्ही वर काय करत होतात? मला सांगा. पोलिसांना नका सांगू, मला सांगा. काहीही असू दे." ती उत्तराची खरोखर वाट बघत होती. त्याने तोंड उघडलं. तू लहानपणी जे करायचीस तेच, हे वाक्य त्याच्या मनात तयार झालं आणि त्याचीच त्याला शिसारी आली. "जा तू," तो म्हणाला, "गाडी चुकेल." तिने मान हलवली. "आईला पन्नास पूर्ण व्हायला तीन महिने होते," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली. त्याने तिची पावलं मोजली नाहीत. मग मोजली. बत्तीस पायऱ्या. खालच्या चौकात ती थांबली, आणि ती परत वर येईल असं त्याला वाटलं, फार वाटलं.

नंतरचे दिवस त्याने स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसून काढले. फरशी कोणीतरी पुसून गेलं होतं. शेजारी खिडक्या लावून घेत, शिंपी नमस्कार करायचं टाळे, आणि त्याला या कशाचंच काही वाटेना, कारण या सगळ्यांचा हिशेब चुकीच्या जागी होता, गुन्हेगार मात्र त्यांना बरोबर सापडला होता. तो तिसऱ्या फरशीकडे बघे, मग चौथीकडे. कुठल्या मिनिटाला हलला असेल हात? तो उंबरठ्यावर होता तेव्हा? तो शिंप्याकडे घड्याळ बघत होता तेव्हा? की तो दाराबाहेर उभा होता, तिच्यापासून वीस पावलांवर, तेव्हा? हाक मारायचा प्रयत्न केला असेल का तिने? ती त्याला नावाने हाक मारत नसे, 'अहो' म्हणे, आणि 'अहो' ला किती श्वास लागतो, याचा तो विचार करी. तिला ओढ होती ती साध्या गोष्टींची. दोघांनी मिळून भाजी आणायला जावं, तिचा हात त्याच्या कोपरात असावा. ती तसा घाली, आणि हा दोन पावलांत तो सोडवून घेई, लोक बघतात म्हणून. आता लोक नव्हते. त्याने वाकून चौथ्या फरशीवर आपला तळवा टेकवला आणि हमसून हमसून रडला. शेजाऱ्यांनी ते ऐकलं, आणि चोराच्या मनात चांदणं, असंच म्हणाले असतील.

एकविसाव्या दिवशी खुनी सापडला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका घरात शिरताना लोकांनी एकाला धरलं, त्याच्या मनगटावर बायकी घड्याळ होतं, मागे तिच्या नावाचं अक्षर कोरलेलं. दार उघडं दिसलं म्हणून आत गेलो, बाईने पाहिलं, घाबरलो. खरंच घाबरट निघाला चोर. त्याने वेळ सांगितली, साडेबारा. पिल्लू ती बातमी घेऊन आलं ते दारातच उभं राहिलं. "साहेब, तुम्ही मला दोन कानाखाली द्या," तो म्हणाला. "तू चोख काम केलंस," हा म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. पिल्लू घुटमळलं. "डॉक्टरांचा शेवटचा अहवाल आलाय. वहिनी... लगेच गेल्या नव्हत्या. सव्वा-दीडपर्यंत असाव्यात म्हणतात. वेळेवर नेलं असतं तर वाचल्या असत्या असंही नाही, नसत्या असंही नाही, असं डॉक्टर म्हणाले. ताईंना मी कळवलंय सगळं. लपवणं बरं दिसलं नाही." पुढचं पिल्लाने काही विचारलं नाही. सहा वर्षं मागून उभं राहिलेल्या त्या माणसाने दाराबाहेरच्या त्या चाळीस मिनिटांचा हिशेब केला होता की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तो वाकून नमस्कार करून गेला.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली, भर दुपारी, जिना धावत चढून. दारात थांबली नाही. सरळ येऊन त्याच्या गळ्यात पडली आणि शब्द फुटेना इतकी रडली. "मी असं कसं समजले बाबा, तुमच्याबद्दल. मी कशी तुमची मुलगी." तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. त्याला ते नीट जमत नव्हतं. तिच्या अंगाला गाडीचा, धुळीचा, आणि खूप आत कुठेतरी तिच्या आईचा वास होता. एकवीस दिवसांत त्याला मायेने कोणी शिवलं नव्हतं. सांगायचं, आता लगेच सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं, रात्रभर जागून वाक्यंही जुळवली होती. तिने तोंड वर केलं. "मला आता कळलं, तुम्ही का बोलत नव्हतात ते. मी रात्रभर जुळवत होते. तुम्हाला वाटलं आई गेली, म्हणून तसा फोन केलात. मग वर येऊन तिच्याजवळ बसलात. आणि तेव्हा कळलं तुम्हाला, की ती आहे अजून. हो ना? आणि तुमच्यासमोर, तुमच्या मांडीवर गेली ती. हे कसं कोणाला सांगाल तुम्ही? पोलीस तर म्हणणार, मग डॉक्टर का नाही बोलावलात. पण तेवढा वेळच नव्हता ना, बाबा?"

बारकाईने जुळवलं होतं पोरीने. एक दुवा निसटलेला नव्हता. ज्या वेळेचा त्याने कोणालाच जबाब दिला नाही, ती रिकामी जागा तिने भरून काढली होती, आणि तिथे एक असा माणूस बसवला होता जो त्या दुपारी त्या घरात असायला हवा होता. त्याला वाटलं, नाही म्हणावं. नाही गं, मी बाहेर होतो. दार राखत होतो. तिच्या डोळ्यांत तो एकदम धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता, आणि त्या डोळ्यांनी पुन्हा किल्ली घट्ट धरून दाराकडे सरकावं, एवढं सत्य बोलायचं बळ त्याच्यात नव्हतं. खरं बोलल्यावर हा चेहरा कसा होईल हे त्याला अगदी बारकाव्यासकट दिसत होतं. ती ओरडणार नव्हती. ती बॅग उचलणार होती.

"हो," तो म्हणाला.

ती नव्याने हुंदका देऊन त्याला बिलगली. "मग बरं झालं," ती म्हणत होती, "मग बरं झालं बाबा, एकटी नाही गेली ती. मला तेच सारखं यायचं मनात. एकटीच पडली असेल, तिने हाका मारल्या असतील. कळलं असेल ना तिला, तुम्ही आहात ते?"

"कळलं असेल."

"हात धरला होतात तिचा?"

"हो. धरला होता."

"कुठला?"

बावीस वर्षं त्याने खोटे साक्षीदार याच ठिकाणी पकडले होते. कथा सगळ्यांची पाठ असते, माणूस फसतो तो एवढ्याशा तपशिलावर. एक तर अडखळतो, नाहीतर गरजेपेक्षा लवकर उत्तर देतो. आणि समोर होती ती त्याच डोळ्यांची, त्यानेच तयार केलेली.

"उजवा," तो म्हणाला, फार लवकर म्हणाला. पण तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने डोळे मिटून घेतले होते, आणि त्याच्या छातीवर डोकं ठेवून ती हलकेच मान हलवत होती.